'ब्राइट', 'शार्प', 'डम्ब' : बुद्धीवरचे इंग्रजी वाक्प्रचार शिकवताना



पाचवीला इंग्रजीचा तास चालू होता. व्याकरणाच्या पुस्तकात वाक्प्रचारांची यादी होती आणि त्यात एक वाक्य होतं, 'ही इज नॉट द ब्राइटेस्ट बल्ब इन द बॉक्स'. खोक्यातल्या बल्बांपैकी हा काही सगळ्यात जास्त उजेड देणारा नाही, म्हणजे फारसा हुशार नाही. मी विचारलं, "कोण अर्थ सांगेल?" एक मुलगी पटकन उठून म्हणाली, "बाई, म्हणजे ट्यूबलाईट!"

वर्ग हसला आणि सगळ्या माना एकाच बाकाकडे वळल्या.

त्या बाकावरच्या मुलाचं नाव मी इथे सांगणार नाही. पण त्याला वर्गात हे टोपणनाव कुणामुळे पडलं ते सांगते. माझ्यामुळे. प्रश्न विचारला की तो बराच वेळ गप्प राहायचा आणि आपण पुढच्या मुलाकडे वळलो की मग उत्तर द्यायचा. एकदा मी सहज गंमतीत म्हणाले, "पेटली का ट्यूब?" मी विसरून गेले, पण मुलं विसरली नाहीत.

त्या दिवशी घरी आल्यावर मी ती यादी पुन्हा वाचायला घेतली. एकेक वाक्प्रचार कुठून आला ते शोधत गेले आणि माझं मत पक्कं झालं. बुद्धीवरचे हे इंग्रजी शब्द आणि वाक्प्रचार नुसते अर्थ पाठ करून घेण्यासारखे नाहीत. त्यांच्यामागची गोष्ट मुलांना सांगायला हवी, आणि त्याआधी ती आपण शिक्षक-पालकांनी समजून घ्यायला हवी. कारण यातले बरेच शब्द आपण पुस्तकापेक्षा मुलांवरच जास्त वापरतो.

उजेड, धार आणि वेग

हुशारी डोळ्यांना दिसत नाही. म्हणून इंग्रजीने ती दिसणाऱ्या गोष्टींवरून सांगितली. नीट पाहिलं तर त्यातले बरेच वाक्प्रचार तीन गटांत बसतात.

पहिला गट उजेडाचा. 'ब्राइट' म्हणजे तेजस्वी, 'ब्रिलियंट' म्हणजे चमकणारा, 'डिम' म्हणजे मंद. एखादी गोष्ट उशिरा लक्षात आली तर 'इट डॉन्ड ऑन मी' म्हणतात. 'डॉन' म्हणजे पहाट, तेव्हा शब्दशः अर्थ 'मला उजाडलं'. आपणही 'डोक्यात प्रकाश पडला' म्हणतोच की. 'द लाइट्स आर ऑन, बट नोबडीज होम' म्हणजे दिवे चालू आहेत पण घरात कुणी नाही. समोर बघत बसलेल्या पण लक्ष नसलेल्या माणसाला हे म्हणतात.

दुसरा गट धारेचा. 'शार्प अ‍ॅज अ टॅक' म्हणजे बारीक खिळ्यासारखा टोकदार. 'नॉट द शार्पेस्ट टूल इन द शेड' म्हणजे अवजारांच्या खोलीतलं हे काही सगळ्यात धारदार अवजार नाही. 'डल' म्हणजे बोथट. आपल्याकडेही टोक आहेच. 'कुशाग्र' म्हणजे कुश नावाच्या गवताचं टोक. या गटातला सगळ्यात गमतीदार शब्द 'स्मार्ट'. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता दुखणं, चुरचुरणं. आजही जखमेवर औषध लावल्यावर 'इट स्मार्ट्स' म्हणतात. चुरचुरणाऱ्या वेदनेवरून झोंबणारं बोलणं, त्यावरून चटकन बोलणारा माणूस, आणि त्यावरून हुशार, असा हा प्रवास झाला. मग फोन, टीव्ही आणि वर्गखोल्याही स्मार्ट झाल्या.

तिसरा गट वेगाचा. 'क्विक' म्हणजे चटकन शिकणारा, 'स्लो' म्हणजे मागे राहणारा. 'क्विक ऑन द अपटेक' हा वाक्प्रचार स्कॉटलंडकडचा. 'अपटेक' म्हणजे उचलणं. आपण "पोरीने लगेच उचललं" म्हणतो ना, अगदी तसंच. पण 'क्विक'चा मूळ अर्थ वेगवान असा नव्हताच. जुन्या इंग्रजीत 'क्विक' म्हणजे जिवंत. पाऱ्याला 'क्विकसिल्व्हर' म्हणतात ते यामुळेच. हालणारी, जिवंत चांदी. म्हणजे कधीकाळी या शब्दाप्रमाणे माझा वर्ग सगळाच्या सगळा 'क्विक' ठरला असता.

ट्यूबलाईटचं काय?

ट्यूबलाईट हा टोमणा इंग्लंडचा नाही, तो आपल्या देशातल्या इंग्रजीतला. जुन्या ट्यूबचं बटण दाबलं की आधी स्टार्टरमुळे दोन्ही टोकांच्या तारा तापायच्या, मग चोकमुळे जोराचा झटका मिळायचा आणि नळीतल्या वायूतून वीज वाहू लागायची. तोवर ती दोन-चार वेळा लुकलुकायची. त्यावरून उशिरा समजणारा तो ट्यूबलाईट. आताच्या एलईडी ट्यूब बटण दाबताच लागतात, त्यामुळे कितीतरी मुलांनी ते लुकलुकणं पाहिलेलंच नाही. टोमणा मात्र त्यांच्यापर्यंत पोचला आहे.

आणि विज्ञानाच्या तासाला हेच मी शिकवते की जुन्या पिवळ्या बल्बपेक्षा ट्यूब तेवढ्याच विजेत सुमारे चौपट उजेड देते! बल्ब लगेच लागायचा खरा, पण त्यातली बहुतेक वीज उष्णतेत वाया जायची.

अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या विज्ञान-शिक्षणाच्या संशोधक होत्या. १९७०च्या दशकात त्यांनी वर्गातल्या प्रश्नोत्तरांचं ध्वनिमुद्रण तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी किती वेळ थांबतात? साधारण एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही की प्रश्न दुसऱ्याकडे जातो किंवा शिक्षक स्वतःच उत्तर सांगून टाकतात. ज्या मुलांना शिक्षक कच्ची समजत होते, त्यांना तर आणखी कमी वेळ मिळत होता. जिथे शिक्षक तीन सेकंद किंवा जास्त थांबायला शिकले, तिथे उत्तरं मोठी झाली, गप्प राहणं कमी झालं आणि मागे समजली जाणारी मुलंही बोलायला लागली.

हे वाचलं तेव्हा मी स्वतःला विचारलं, त्या मुलाच्या प्रश्नाला मी किती सेकंद थांबत होते? थांबतच नव्हते. म्हणजे उशीर त्याच्या डोक्यात होता की घाई माझ्या डोक्यात होती? 'क्विक' म्हणजेच हुशार, ही समजूत वाक्प्रचारातून माझ्या डोक्यात बसली आणि तिथून ती वर्गात आली.

विद्वानाच्या नावावरून मूर्खाचा शब्द

आता 'डन्स' हा शब्द घ्या. अर्थ, अभ्यासात ढ असलेला. हा शब्द चक्क एका मोठ्या विद्वानाच्या नावावरून आला आहे.

जॉन डन्स स्कॉटस हे स्कॉटलंडमधल्या डन्स गावचे. जन्म साधारण १२६६ चा, मृत्यू १३०८ मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात. ऑक्सफर्ड आणि पॅरिसला त्यांनी अध्यापन केलं. विचार इतका बारीक की त्यांना 'सूक्ष्म बुद्धीचे पंडित' अशी पदवीच मिळाली होती. त्यांच्यानंतर दोन-अडीचशे वर्षं त्यांचे ग्रंथ विद्यापीठांत शिकवले जात होते. मग सोळाव्या शतकात नवी विद्या आली, ग्रीक-लॅटिनचा नव्याने अभ्यास सुरू झाला. डन्सच्या अनुयायांनी तिला विरोध केला. नव्या मंडळींनी त्यांची टिंगल सुरू केली, की हे 'डन्स'वाले नुसता शब्दांचा कीस काढतात, नवीन काही शिकायला तयार नाहीत. हळूहळू 'डन्स' म्हणजे शिकू न शकणारा मठ्ठ, असा अर्थ रूढ झाला.

पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळांत 'डन्स कॅप' आली. कागदाची उंच, निमुळती टोपी. उत्तर चुकलेल्या मुलाच्या डोक्यावर ती घालून त्याला कोपऱ्यात स्टुलावर बसवायचे. याच इंग्रजीत दुसरीही एक टोपी आहे. 'पुट ऑन युअर थिंकिंग कॅप', म्हणजे विचाराची टोपी घाल, शांतपणे विचार कर. आपण मुलाला यातली कुठली टोपी घालतो, ते रोज आपल्याच हातात असतं.

आपल्या 'ढ'ची गोष्टही अशीच. ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बाकीच्या अक्षरांची रूपं बदलत गेली, 'ढ' मात्र जवळजवळ तसाच राहिला, म्हणून न सुधारणाऱ्याला 'ढ' म्हणतात, असं आपल्याकडे सांगितलं जातं. फळ्यावर अशोककालीन ब्राह्मीतला 'ढ' काढून दाखवा. मुलांना तो लगेच ओळखता येतो. दोन हजार वर्षांहून जुनं अक्षर आपल्याला वाचता आलं याचाच त्यांना आनंद होतो.

'डम्ब' म्हणजे मुका

सध्या मुलांच्या तोंडी सगळ्यात जास्त असलेला शब्द 'डम्ब'. कार्टून आणि मोबाईलवरच्या व्हिडिओंमधून तो आला आहे. "यू आर सो डम्ब!" पहिलीतली पोरंही एकमेकांना म्हणतात.

'डम्ब'चा मूळ अर्थ मूर्ख नाही, मुका. जो बोलू शकत नाही तो. मुलं 'डम्ब शेराज' खेळतात, त्यात न बोलता सिनेमाचं नाव ओळखायचं असतं. तिथे मूळ अर्थ शाबूत आहे. व्यायामशाळेतलं 'डंबेल'ही यातलंच. चर्चमधली घंटा वाजवण्यासारखा व्यायाम करायचं एक साधन असायचं, त्याला घंटाच नसायची. आवाज न करणारी ती मुकी घंटा, म्हणून डंबेल. 'मूर्ख' हा अर्थ अमेरिकेत जोर धरू लागला, कारण तिथे स्थायिक झालेल्या जर्मन लोकांच्या भाषेत 'डुम' म्हणजे मूर्ख. आवाजाने जवळचे दोन शब्द एकमेकांत मिसळले.

पण ते इतक्या सहज मिसळले याला आणखी एक कारण आहे असं मला वाटतं. जे मूल बोलत नाही त्याला समजत नाही, असं माणसं आधीपासून धरूनच चालत होती. ऐकू येत नाही म्हणून बोलता येत नाही, आणि बोलता येत नाही म्हणून मूर्ख! कितीतरी कर्णबधिर मुलांची आयुष्यं या एका समजुतीपायी शिक्षणाशिवाय गेली.

आजही आपल्या वर्गात कान सतत फुटणारं, अर्धवट ऐकू येणारं मूल असतं. ते प्रश्नाला उत्तर देत नाही, भलतंच काहीतरी सांगतं. आपण 'लक्ष नसतं याचं' असा शेरा मारून मोकळे होतो. शेरा मारण्याआधी एकदा कानांची आणि डोळ्यांची तपासणी झाली आहे का, एवढं विचारूया.

जे शब्द कधी डॉक्टरांचे होते

'इडियट', 'इम्बिसाईल', 'मोरॉन'. आज या शिव्या आहेत. शंभर वर्षांपूर्वी ते तज्ज्ञांचे शब्द होते.

१९०५ मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी बुद्धिमापनाची चाचणी तयार केली. हेतू चांगला होता. कोणत्या मुलांना शाळेत जादा मदत लागेल ते ओळखायचं. बुद्धी हा जन्मभर न बदलणारा आकडा आहे, या कल्पनेला बिनेंचा विरोध होता. मुलं शिकवण्याने आणि सरावाने पुढे जातात असं त्यांनी लिहून ठेवलं. १९११ मध्ये ते वारले.

तीच चाचणी अमेरिकेत गेली आणि तिचा उपयोग उलटा झाला. मुलांच्या प्रतवाऱ्या ठरल्या. मानसिक वय दोन वर्षांपेक्षा कमी तो इडियट, तीन ते सात इम्बिसाईल, आणि आठ ते बारा वर्षांचा गट मोरॉन. हा शेवटचा शब्द हेन्री गॉडर्ड यांनी १९१० मध्ये मूर्ख या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून मुद्दाम तयार केला. मग या प्रतवाऱ्यांवरून माणसांना संस्थांमध्ये डांबणं आणि त्यांना मूल होऊ नये म्हणून शस्त्रक्रिया करणं सुरू झालं. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीवरची अशी शस्त्रक्रिया योग्य ठरवली. तिची मुलगी तान्ही होती तेव्हाच तिच्यावरही कमी बुद्धीचा शिक्का मारला गेला होता. तीच मुलगी पुढे शाळेत गेली आणि तिचं नाव चांगले गुण मिळवणाऱ्यांच्या यादीत आलं. आठव्या वर्षी आजारपणात ती गेली.

'इडियट' म्हणून शेजारच्या मुलाला चिडवणाऱ्या आपल्या चिमुरड्याला हे सगळं सांगायची गरज नाही. पण आपल्याला ते माहीत असावं. शब्द बदलायला वेळ लागतो, पण ते बदलतात. आपल्या १९९५च्या कायद्यात 'मेंटल रिटार्डेशन' असा शब्द होता. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तो गेला, 'बौद्धिक दिव्यांगत्व' हा शब्द आला आणि वाचन-लेखनाच्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेलाही जागा मिळाली. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेसोबत मुलांच्या मानसिक छळालाही मनाई आहे. रोज 'ढ' किंवा 'डम्ब' ऐकणं हा छळ नाही, असं कुणी म्हणू शकेल का?

"आम्हालाही ढ म्हणायचे, काय बिघडलं?"

असं मला स्टाफरूममध्ये ऐकायला मिळतं, पालकसभेतही. माझं उत्तर असं, की तुम्ही आणि मी इथपर्यंत पोचलो म्हणून आज हे हसून सांगतोय. जे मधूनच शाळा सोडून गेले ते आपल्याला सांगायला सभेत येत नाहीत.

दुसरा आक्षेप असतो, "परीक्षेत अर्थ विचारतात, उगम नाही. एवढा वेळ कुठून आणायचा?" खरं आहे. पण माझा अनुभव असा की ज्या वाक्प्रचारामागची गोष्ट सांगितली त्याचा अर्थ मला परत सांगावा लागला नाही. 'डन्स' एकदाही कुणी विसरलं नाही.

वर्गात आणि घरी करता येतील अशा गोष्टी

१. 'बर्ड-ब्रेन्ड' म्हणजे पक्ष्यासारख्या इवल्या मेंदूचा, बावळट. हा वाक्प्रचार शिकवताना तहानलेल्या कावळ्याची गोष्ट आठवून द्या. २००९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी कावळ्याच्याच जातकुळीतल्या रूक पक्ष्यांसमोर पाण्याची नळी ठेवली. पाण्यावर अळी तरंगत होती, पण चोच पोचत नव्हती. पक्ष्यांनी खडे टाकून पाणी वर आणलं आणि अळी खाल्ली! मग मुलांना विचारा, हा वाक्प्रचार बरोबर आहे का?

२. 'इट्स नॉट रॉकेट सायन्स' म्हणजे हे काही फार अवघड नाही. माणूस चंद्रावर उतरला त्या काळात रॉकेट म्हणजे बुद्धीची परिसीमा असं लोकांच्या मनात बसलं, त्यातून हा वाक्प्रचार आला. एक फुगा फुगवून हातातून सोडून द्या. हवा मागे, फुगा पुढे. रॉकेटचं मूळ तत्त्व हेच. रॉकेट सायन्सची सुरुवात पाचवीच्या वर्गातही करता येते, हे मुलांना स्वतः बघू द्या.

३. 'यूज युअर लोफ' म्हणजे डोकं वापर. लंडनच्या पूर्व भागातल्या कॉकनी लोकांची यमकं जुळवून बोलायची पद्धत आहे. 'हेड'शी यमक 'ब्रेड', म्हणून डोक्याला 'लोफ ऑफ ब्रेड', आणि पुढे नुसतं 'लोफ'. मुलांना मराठीत अशी सांकेतिक भाषा करायला सांगा. वर्ग डोक्यावर घेतील, पण यमक पक्कं होईल.

४. प्रश्न विचारल्यावर मनात तीन अंक मोजा. एक, दोन, तीन. घरी अभ्यास घेतानाही हेच करा. सुरुवातीला ते तीन सेकंद फार मोठे वाटतात, मलाही वाटले.

५. मूल 'शार्प' आहे की 'डल', 'क्विक' आहे की 'स्लो', असं बोलण्यापेक्षा त्याने काय केलं ते बोला. "हा भागाकार तू वेगळ्या रीतीने केलास." "इथे हातचा राहिला, परत बघ." एवढं पुरतं.

माझ्या वर्गातला तो मुलगा? मी त्याची वर्गासमोर माफी मागितली. "ट्यूब हा शब्द मी वापरला, ते माझं चुकलं," असं म्हणाले. मुलं गप्प झाली, तो खाली बघत राहिला. त्यानंतर त्याच्या बाकापाशी आले की मी तीन अंक मोजते. कधी उत्तर येतं, कधी येत नाही. गेल्या आठवड्यात अपूर्णांकाच्या तासाला आलं, आणि बरोबर आलं. मैदानावर त्याला आता कुणीच ट्यूबलाईट म्हणत नाही, असं मात्र मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एकदा दिलेलं नाव परत घेणं सोपं नसतं.

म्हणून विनंती एवढीच, की उद्या वर्गात किंवा घरी असा एखादा शब्द जिभेवर आला तर तो उच्चारण्याआधी आपणही तीन अंक मोजूया.